नसलेले दोन आठवडे

आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग कोणता, असं कुणी विचारलं तर मी सांगते, दोन तास काहीही न करणं. रक्त काढणं, काचपट्ट्या रंगवणं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजणं, हे सगळं हात शिकतात. पण एक नळी स्टँडवर ठेवायची आणि दोन तास टेबलाला धक्का लावायचा नाही, दार आपटायचं नाही, खुर्चीसुद्धा सरकवायची नाही, हे माझ्यासारख्या बडबड्या आणि धांदरट बाईला जमायला वर्ष गेलं.

ही नळी गरोदरपणाच्या तपासणीची. आताच्या मुली औषधाच्या दुकानातून पट्टी आणतात आणि पाच मिनिटांत निकाल बघतात. मी मुंबईत शिकत होते तेव्हा बेडूक होते. बाईची लघवी बेडकाला टोचायची आणि तो काय सांगतो याची वाट बघायची. सत्त्याहत्तर साली आमच्या ह्यांना बहारीनच्या एका बँकेत नोकरी लागली, पाठोपाठ मला तिथल्याच गुदैबिया वस्तीतल्या एका दवाखान्याची लॅब मिळाली. तोवर बेडूक सुटले होते आणि नळी आली होती.

गोल बुडाची छोटी काचेची नळी. तिच्यात मेंढीच्या रक्तपेशींचं औषध, सकाळच्या पहिल्या लघवीचा थेंब आणि थोडं पाणी घालायचं, एकदा नीट हलवायचं आणि स्टँडवर उभी करायची. स्टँडखाली तिरका आरसा. दिवस गेले असतील तर दोन तासांनी नळीच्या तळाशी एक तपकिरी कडं जमतं, बारीक, गोल, आणि ते आरशात दिसतं. दिवस नसतील तर नुसता गढूळ थर. मात्र मध्ये धक्का लागला तर कडं जमतच नाही, आणि दिवस गेलेल्या बाईला आपण बेलाशक ‘नाही’ सांगून मोकळे होतो.

आता धक्का म्हणजे काय, तर खिडकीतला एसीसुद्धा. आमचा एसी असा थडथडायचा की टेबलावरची पेन्सिल चालत चालत कडेला जायची. म्हणून मी त्या नळ्या दुपारी लावायची. एक ते चार दवाखाना बंद असे, गल्लीतली दुकानं शटर ओढून झोपलेली असत. एसी बंद करायचा, मानेवर ओला रुमाल टाकायचा आणि बसायचं. खिडकीच्या पट्ट्यांतून ऊन आत येई, त्यात धूळ तरंगत राही. घामानं भिजून मी अर्धवट गुंगीत आरशाकडे बघत असे. आरशात आधी काहीच नसे. मग कुठेतरी एक सावली पडे, मग तिला कड येई. ती कड कधी आली ते मला एवढ्या वर्षांत एकदाही पकडता आलं नाही. डोळा लवला आणि उघडला की ती असायचीच. ज्या बाईचं ते असे ती तेव्हा कुठेतरी भांडी घासत असेल किंवा झोपली असेल. तिच्या आधी मला कळलेलं असे, आणि त्या दुपारच्या शांततेत मला उगाचच आपण फार मोठ्या कोणीतरी आहोत असं वाटत राही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पुण्याचे एक साहेब एक तास पन्नास मिनिटं धीर धरून बसले आणि मी पाणी प्यायला वळले तेवढ्यात त्यांनी नळी उचलून उजेडात धरली. “नीट मिसळलंय ना ते बघत होतो,” म्हणाले. मिसळलं होतं, अगदी छान मिसळलं होतं. कडं गेलं आणि साहेब पुन्हा दोन तास बसले. दुसऱ्या एकीने नमुना अत्तराच्या बाटलीतून पाठवला होता. वासानं लॅब दिवसभर लग्नघरासारखी झाली आणि तपासणी वाया गेली.

पण आज सांगायची गोष्ट शारदाची आहे. ती माझ्या चुकीची गोष्टही आहे, म्हणून इतकी वर्षं सांगितली नव्हती.

शारदा आणि तिचा नवरा विश्राम हे कुडाळकडचे. शहराबाहेर बुदैयाच्या रस्त्यावर एका अरब कुटुंबाचा बंगला होता, खजुराची बाग असलेला. विश्राम तिथे ड्रायव्हर, शारदा स्वयंपाकघरात आणि मुलांकडे. दोघांचा व्हिसा त्याच घराचा, राहायला बागेच्या कोपऱ्यात दोन खोल्या. त्यांची स्वतःची दोन मुलं गावी आजीजवळ होती आणि नव्या घराचं जोतं बांधून तयार होतं. भिंती व्हायच्या होत्या. शुक्रवारी सुट्टी मिळाली की दोघं गुदैबियात आमच्याकडे यायची. मी मिरजेची, ती मालवणी बोलणारी. तिचं निम्मं मला सुरुवातीला कळत नसे, पण तिच्या हातची सोलकढी कळत असे.

एक्क्याऐंशी सालची दिवाळी. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी ती दवाखान्यात आली. आमच्या डॉक्टर अन्नम्मा केरळच्या, बोलायच्या कमी आणि ऐकायच्या जास्त. त्यांनी तिला तपासलं आणि चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर शेवटच्या पाळीची तारीख होती.

“ताई, माका ह्या नको,” ती नमुन्याची बाटली माझ्या हातात देत म्हणाली. “घर अर्धा रवलासा. नोकरी गेली तर व्हिसा गेलो.”

झालं होतं असं. विश्राम गणपतीसाठी दीड महिन्याची रजा घेऊन गावी गेला होता. कोकणातला माणूस एक वेळ स्वतःचं लग्न चुकवेल, गणपती चुकवणार नाही. तिला रजा मिळाली नाही. तो गेला त्याच दिवशी तिने गोळ्या बंद केल्या. नवरा गावी, मग गोळ्या कशाला? आखातात ही चूक मी शंभर बायकांची बघितली आहे. तो परत आल्यावर गोळ्या सुरू करायच्या तर पुढच्या पाळीपासून, म्हणून पाकीट आणून ठेवलं आणि ती पाळी आलीच नाही.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं होतं. इथे काय होऊ शकतं, काय नाही, मुंबईला गेली तर काय, काहीही न लपवता. शेवटी म्हणाल्या, “शारदा, आज सिर्फ पता करेंगे. फैसला आज नहीं. फैसला अकेले नहीं.” मला ते वाक्य तेव्हा साधंच वाटलं होतं.

दुपारी नळी लावली. कडं असं सुरेख जमलं की जणू कुणी कंपासनं काढलं असावं. चार वाजता दार उघडलं तर समोर विश्राम. मालकांची मुलं शिकवणीला सोडून तो रिपोर्ट न्यायला आला होता. शारदानेच पाठवला होता. चिठ्ठी पाकिटात घालून द्यायची, एवढंच माझं काम होतं. पण माझी जीभ! माझ्या टेबलावर दोन पुठ्ठ्यांची एक गोल चकती असे. आतला पुठ्ठा शेवटच्या पाळीच्या तारखेला लावला की किती आठवडे झाले आणि बाळ कधी येणार ते समोर दिसतं. ती फिरवून दाखवायची मला भारी हौस.

“अभिनंदन हो,” मी म्हटलं. “आठ आठवडे झाले. जूनच्या सुरुवातीला बाळ.”

“आठ?” तो म्हणाला. “बरोबर बघलात मां?”

“चकती चुकत नाही,” मी ऐटीत सांगितलं.

तो बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत उभा राहिला. मग पाकीट न घेताच निघून गेला. मला वाटलं, आनंदानं विसरला.

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमाराला मी शटर ओढत होते तेव्हा शारदा आली. बुदैयाहून बसनं आली होती. डोळे सुजलेले.

“ताई, तुम्ही तेंका काय सांगलात? रातभर गाडयेत निजले. माझ्याशी बोलनत नाय. म्हणतत, तिकीट काढतंय, तू गावाक जा. मी गावाक जाऊन काय सांगू? थंय बायो बोटांर मोजतत.”

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि चकती हातात घेतली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हे जरा बाहेरच्या माणसांसाठी सांगते. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पण बीज त्या दिवशी रुजत नाही. बाईच्या पोटात महिन्याला सहसा एकच बीज पिकतं आणि ते सुटतं पाळी सुरू झाल्यापासून साधारण चौदाव्या दिवशी. ते जेमतेम एक दिवस टिकतं. पुरुषाचं बीज मात्र आधीचे तीन-चार दिवस आत वाट बघत थांबू शकतं. म्हणजे ‘आठ आठवड्यांचं पोट’ म्हटलं तरी बाळ असतं सहा आठवड्यांचं. पहिले दोन आठवडे मोजणीत असतात, बाळ नसतं. आम्हाला याची इतकी सवय असते की सांगायचं राहून जातं. मला तर वाटायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

विश्राम परत आला होता अनंत चतुर्दशीला. म्हणजे साडेसहा आठवडे झाले होते. आठ आठवड्यांपूर्वी तो कुडाळला डोक्यावरून गणपती घरी आणत होता. त्याच्या पेरांवरचा हिशेब अगदी बरोबर होता. चूक माझी होती, आणि तिकीट तिचं निघणार होतं.

मी डॉक्टरांकडे धावले. त्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नलिनी, रिपोर्ट किसका था?” मी म्हटलं, शारदाचा. “तो किसको बोलना था?” बस, एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाडव्याच्या दिवशी आम्ही दोघांना फराळाला बोलावलं. विश्राम येईना. आमचे हे स्वतः बुदैयाला गेले आणि त्याला गाडीत घालून घेऊन आले. शारदा माझ्याकडे सकाळपासूनच होती. तो आल्याचं कळताच ती बाल्कनीत गेली आणि काचेचं दार ओढून पाठमोरी उभी राहिली. समोरच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, त्यांच्यापलीकडे पांढरट आभाळ, समुद्र कुठे संपतो ते कळू नये असं. माझ्या पणत्या दिवसाच लावलेल्या होत्या आणि त्यांच्या ज्योती उन्हात दिसत नव्हत्या.

मी विश्रामसमोर बसले. कॅलेंडर काढलं, चकती काढली, बीज, चौदावा दिवस, सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यात इतकं सोपं करून मी कुणाला काही सांगितलं नसेल. तो खुर्चीच्या कडेवर बसून, हातातल्या चकलीला न शिवता ऐकत राहिला.

“ताई, तुमचा खरा असात,” शेवटी म्हणाला. “पण तुम्ही तिच्याच बाजून बोलतलात. आणि ह्या सगळा कागदार आसा. माका काय दिसता?”

त्याला आरशातलं कडं दाखवता येतं, तारीख कशी दाखवणार? मी चहा ठेवायला उठले. विषय बदलावा म्हणून ह्यांनी फोटोंचं पाकीट काढलं. ह्यांचा एक रोल गणपतीत सुरू झाला की दिवाळीत संपायचा. काटकसर! त्यामुळे चतुर्थीचे फोटो या दिवाळीच्या आठवड्यात धुऊन आले होते. हे एकेक फोटो त्याच्या हातात देत होते. हे बघ आमची मूर्ती, ही आरास, ही आरती.

चहा घेऊन आले तर विश्राम एक फोटो दोन्ही हातांत धरून बसला होता. आरतीचा फोटो. पुढे मूर्ती, टाळ्या वाजवणारी मंडळी, तबक घेतलेली मी. आणि सगळ्यांच्या मागे, बंद काचेच्या दारापलीकडे बाल्कनीत, पालथ्या घातलेल्या खोक्यावर शारदा. एकटी. मांडीत एक ताटली. काचेवर निरांजनाचा उजेड पडला होता, त्यामुळे ती पाण्याखाली बसल्यासारखी दिसत होती.

“ही भायर बसलेली?” त्याने विचारलं.

मला ते तेव्हा आठवलं. त्या दिवशी दारातच ती माझ्या कानात म्हणाली होती की सकाळीच बाहेरची झाले, मी परत जाते. उन्हातून आलेली. मी म्हटलं, जाऊ नको, बाल्कनीत बस. मी, जिचे हात दिवसभर रक्तात आणि लघवीत असतात, त्या मी तिला दाराबाहेर बसवलं. मोदकांची ताटली उंबऱ्यावर ठेवून बाजूला झाले आणि मग तिने ती उचलली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट तिला परत पाठवलं नाही म्हणून मी स्वतःला पुढारलेली समजत होते.

“हो,” मी म्हटलं.

“खंयचो दिवस ह्यो?”

“चतुर्थी. आरती दिसतेय ना.”

त्याला पुढचं काही समजावावं लागलं नाही. कोकणातल्या माणसाला चतुर्थीच्या दिवशी बाई आरतीला बाहेर का बसते, हे चकतीवाचून कळतं. चतुर्थीला ती बाहेर बसली होती, म्हणजे चतुर्थीपर्यंत काही नव्हतं. दहा दिवसांनी तो स्वतः आला होता. तो फोटोकडे बघे, मग मान वर करून काचेच्या दाराकडे बघे. तिथे तीच काच होती आणि तीच पाठ.

“मगे डॉक्टर आठ कित्याक म्हणतत?”

“कारण पाळीचा दिवस बाईला आठवतो,” मी म्हटलं. “बीज कधी रुजलं ते कुणालाच दिसत नाही. म्हणून माहीत असलेल्या दिवसापासून मोजायचं.”

तो उठला. काचेचं दार जड होतं, जरा अडकायचं. त्याने ते दोन्ही हातांनी सरकवलं. आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात गेलो, पण घर केवढं, शब्द ऐकू आलाच. “चुकलंय मी.” ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग ती आत आली, तोंड धुतलं आणि मला म्हणाली, “ताई, ओवाळूचा तबक खंय आसा?”

फैसला त्यानंतर आठवड्यानं झाला, आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या तसा, एकटीनं नाही. आधी ती दोघं बोलली. मग शारदा एकटी डॉक्टरांशी बोलली, कारण डॉक्टरांनी विश्रामला बाहेर बसवलं. मूल ठेवायचं ठरल्यावर डॉक्टर अन्नम्मा बुदैयाला त्या घरच्या मोठ्या बाईंना भेटायला गेल्या, मी बरोबर. आम्ही विनवण्या पाठ करून गेलो होतो. त्या म्हाताऱ्या बाईंनी कावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, ओतत आमचं ऐकलं आणि चार बोटं वर केली. बाळंतपणानंतर चाळीस दिवस ती उठायची नाही, मग कामावर. “मफी मुश्किल, इंशाल्ला,” म्हणाल्या, काही अडचण नाही. आमचा सव्वा महिना आणि त्यांचे चाळीस दिवस, फरक तो कितीसा! शेवटचे दोन महिने शारदा आमच्याकडे राहिली. गुदैबियातल्या बायकांनी पाळ्या लावून डबे दिले. त्यातल्या निम्म्यांना खरं काय घडलं होतं ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. या वेळी माझी जीभ माझ्या ताब्यात होती.

दुपारी लॅबमध्ये बसले की मला ते दोन आठवडे आठवायचे. मोजणीत असलेले आणि बाळ नसलेले. त्या दिवसांत ते कुठे असतं? बाईही तेव्हा रोजच्यासारखी कामं करत असते, बसची वाट बघत असते, कुणीतरी तिला कुठेतरी बसायला सांगितलेलं असतं. तिला काहीच ठाऊक नसतं, आणि नंतर आम्ही चकती फिरवून सांगतो की सुरुवात तिथून झाली. विज्ञान म्हणून मी हे शंभर वेळा समजावलं आहे. मला स्वतःला ते आजही पुरतं समजलेलं नाही. पुढे नळी गेली, पट्ट्या आल्या, एसी बंद करायची गरज उरली नाही. पण मी रिपोर्ट पुन्हा कधी नवऱ्याला सांगितला नाही, आणि आठवडे सांगताना ते दोन आधी वजा करून दाखवल्याशिवाय कुणाला सोडलं नाही.

जूनमध्ये मुलगी झाली. गौरी. ती तीन वर्षांची असताना ती सगळी गावी परत गेली. घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. जाताना विश्रामने एकच मागितलं, “ताई, तो फोटो माका देशात?”

मागच्या वर्षी मी कुडाळला त्यांच्याकडे गेले होते. आता मी निवृत्त, शारदाला गुडघ्यांचा त्रास, विश्राम अंगणात नातवाला सायकल शिकवत होता. गौरी शाळेत शास्त्र शिकवते. बाहेरच्या खोलीत तो फोटो चौकटीत लावलेला आहे, रंग पिवळट पडलेला. गौरीने त्याची गोष्ट आईकडून ऐकली होती. तिने माझ्या तोंडून पुन्हा ऐकायची म्हणून मला त्याच्यासमोर उभं केलं.

मी रंगात आले. चकती, आरसा, कडं, सगळं सांगितलं. शेवटी फोटोतल्या काचेवर बोट ठेवून म्हटलं, “डॉक्टरांच्या मोजणीनं बघशील तर तुझा पहिला दिवस हाच. इथे, या बाल्कनीत.”

गौरी थोडा वेळ त्या खोक्यावर बसलेल्या आईकडे बघत राहिली. मग हसत, अगदी प्रेमानं म्हणाली, “म्हणजे मावशी, मलाही बाहेरच बसवलंत?”